मोजायचं कुठून?

आमच्या गरोदर मातांच्या नोंदवहीत दोन रकाने शेजारी शेजारी असायचे. एक एलएमपीचा, म्हणजे शेवटच्या पाळीचा; दुसरा ईडीडीचा, म्हणजे बाळंतपणाच्या अंदाजे तारखेचा. दुसरा रकाना भरायला अर्धं मिनिट पुरायचं. पहिल्यासाठी कधी कधी अख्खी दुपार जायची. माण तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे सहाय्यक परिचारिका-सुईण म्हणून माझी नोकरी झाली. निवृत्तीनंतर या विषयावरचं जे मिळेल ते वाचत गेले, तेव्हा लक्षात आलं की जगभरात हेच झालंय. बाईचे दिवस साधारण किती, यावर हजारो वर्षांत मोठंसं भांडण झालेलं नाही. भांडण झालं ते मोजायला सुरुवात कुठून करायची यावर.

पाळीची तारीख विचारली की बायका गप्प व्हायच्या. नव्या आलेल्या सिस्टरला वाटायचं, बाई अडाणी आहे. तसं काही नव्हतं. तिच्या घरात तारखेवर काही चालतच नव्हतं. सणावर, वारावर, शेतातल्या कामावर चालत होतं. म्हणून मी तारीख विचारणं सोडलं. ‘बेंदराला घरात होतीस का बाहेर?’ असं विचारलं की पटकन उत्तर यायचं. ‘बेंदराला पुरणपोळ्या मीच केल्या, तिसऱ्या दिवशी बाहेर झाले.’ कुणी म्हणायची, शिंगणापूरच्या यात्रेला कावड निघाली त्या दिवशी न्हाले. कुणी म्हणायची, म्हसवडच्या रथाला जायचं होतं पण अडचण आली, सासू एकटीच गेली. शिवाशिवीबद्दल माझं मत चांगलं नाही, पण एक खरं, की ज्या सणाला देवाला शिवता आलं नाही तो सण बाई विसरत नाही. मग भिंतीवरचं कालनिर्णय उतरवायचं आणि सणावरून तारीख काढायची. १९७३ साली साळगावकरांनी ते काढलं तेव्हा एएनएम बायकांचा विचार केला नसणार. तरी आमच्या पिशवीत टेपइतकंच ते कामाचं. पुढे पाळी लांबवायच्या गोळ्या खेड्यातल्या मेडिकलमध्ये मिळायला लागल्या आणि सणाचा पुरावा थोडा कच्चा झाला. मग ‘गोळी घेतली होतीस का’ हेही विचारावं लागायचं.

२००४ साली अधिक श्रावण आला. जुलैच्या मध्याला एक श्रावण लागला आणि ऑगस्टच्या मध्याला दुसरा. त्या हिवाळ्यात नोंदणीला आलेली एक सून म्हणाली, ‘श्रावणात, शुक्लपक्षातल्या पंचमीला बाहेर होते.’ कोणत्या श्रावणात? ती सासूकडे बघायला लागली. सासू म्हणाली, ‘दोन्ही श्रावणच की.’ नेहमीच्या वर्षी या उत्तरावर तारीख नेमकी निघाली असती. इथे सरळ एका महिन्याचं अंतर पडत होतं. मी विचारलं, ‘पंचमीला माहेरी गेली होतीस का? झोका बांधला होता का?’ म्हणाली, ‘व्हय, झोक्यावर बसले न्हाई म्हणून तर ध्यानात हाय.’ नागपंचमी अधिक महिन्यात होत नाही, निज श्रावणात होते. म्हणजे ऑगस्टचा तिसरा आठवडा. बाळंतपण मेअखेर. रकाना भरला.

आमच्या गावची सुईण असलं काही विचारत नसे. ती बोटांच्या पेरांवर मोजायची आणि तिचं माप ठरलेलं होतं, नऊ महिने नऊ दिवस. ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवलं होतं की हा लोकांचा ढोबळ समज, तुम्ही २८० दिवस धरा. पुष्कळ वर्षं मीही तसंच धरून चालले. मग एकदा तिला विचारलं, आजी, नऊ महिने कुठून? ती म्हणाली, ‘कुठून म्हंजी? न्हाल्यापासनं.’

घरी येऊन कागदावर मांडलं. तिचे महिने चंद्राचे, अमावस्येपासून अमावस्येपर्यंतचे. असा एक महिना साडेएकोणतीस दिवसांहून जरासा मोठा. नऊ महिन्यांचे होतात २६६ च्या आत-बाहेर. त्यात नऊ मिळवले की २७५. बाई चार दिवस बाहेर बसते आणि पाचव्या दिवशी न्हाते. म्हणजे पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचं तर आणखी चार. २७९. पुस्तकातल्या आकड्याला एकच दिवस कमी! इंग्रजी महिने धरले आणि पहिल्याच दिवसापासून नऊ महिने नऊ दिवस मोजले, तरी पुस्तकातल्या तारखेच्या पुढे दोनच दिवस जातात. हा हिशेब माझा आहे, कुठल्या ग्रंथातला नाही. पण त्यानंतर त्या मापाला ढोबळ म्हणायला माझी जीभ वळली नाही.

जुन्या ग्रंथांत महिने दहा दिसतात. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात सुखरूप बाळंतपणासाठी म्हटलेलं सूक्त आहे, त्यातलं मूल दहा महिन्यांचं आहे. चरकसंहितेत म्हटलंय की नववा महिना लागून एक दिवस उलटला की प्रसूतीचा काळ सुरू होतो आणि तो दहाव्या महिन्यापर्यंत चालतो. सुश्रुताने आणखी सैल सोडलंय, नववा, दहावा, अकरावा, बारावा, यातल्या कुठल्याही महिन्यात. बारावा वाचून मला हसू आलं होतं. पण अंगावर पाजणारी, मधे एकदाही पाळी न आलेली बाई जेव्हा ‘वर्ष होत आलं, पाळी नाही’ म्हणते आणि पुढच्या महिन्यात बाळंत होते, तेव्हा तिच्या हिशेबाने ते मूल बारा महिन्यांचंच असतं. सुरुवात चुकीच्या ठिकाणी धरली की कितीही महिने निघतात. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयात पदवीसाठी प्रबंध लिहिला, तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरच. त्यांचं स्वतःचं पहिलं मूल दहा दिवसांत गेलेलं होतं.

सातव्या महिन्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही, हे आमच्याकडे सगळ्या म्हाताऱ्या सांगतात. चरकानेही आठवा महिना धोक्याचा मानलाय आणि ग्रीकांच्या हिपोक्रेटिसच्या नावावर तर आठव्या महिन्याच्या मुलावर वेगळा ग्रंथच आहे. आजच्या कुठल्याही आकडेवारीने हे खरं ठरत नाही. जितके दिवस जास्त तितकं मूल तगडं. मग समज टिकला कसा? एक कारण मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. लग्नानंतर सातव्या महिन्यात तीन किलोचं, नखं वाढलेलं बाळ झालं की त्याला सातमासी म्हणण्यातच सगळ्यांचं भलं असायचं. अशी पुष्कळ सातमासी बाळं धडधाकट जगली. आठव्या महिन्याला असली मदत कुणी केली नाही.

युरोपातली गोष्टही फार वेगळी नाही. रक्ताभिसरण शोधून काढणारा इंग्रज वैद्य विल्यम हार्वे, त्याने १६५१ साली प्राण्यांच्या उत्पत्तीवर ग्रंथ छापला. त्यात गर्भारपणाची मुदत सांगताना तो येशूकडे बोट दाखवतो. मेरीला देवदूताने निरोप दिला तो सण २५ मार्चला, ख्रिसमस २५ डिसेंबरला. मोजून बघा, २७५ दिवस. आमच्या सुईणीचा आकडा तोच! पण हार्वे तिथेच थांबत नाही. पुढे तो लिहितो की शहाण्या बायका आपल्या पाळीचा दिवस ध्यानात ठेवतात आणि दहा चांद्रमहिने झाले की, एरवी पाळी आली असती बरोबर त्याच दिवशी, बाळंत होतात. त्यांचा हिशेब सहसा चुकत नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणजे राजाच्या या वैद्याने एक दाखला देवळातून घेतला आणि दुसरा बायकांकडून. दोन्हींची सुरुवात वेगळी आहे, एक गर्भ राहिल्यापासून आणि एक पाळीपासून, हे त्याला खटकलेलं दिसत नाही.

त्यानंतरची दोन नावं प्रत्येक नर्सिंगच्या पुस्तकात असायला हवीत. असतं एकच. पहिला हॉलंडमधल्या लायडनचा हेर्मन बूरहाव. १७३८ साली तो वारला आणि त्याची व्याख्यानं १७४४ साली छापून आली. पाळी झाल्यावर एक आठवडा धरा, तिथून नऊ महिने मोजा, शंभरातल्या नव्व्याण्णव बायका त्या सुमाराला बाळंत होतात, असं त्याने सांगितलं. नव्व्याण्णव हा आकडा मास्तरी थाटातला आहे, तो सोडून द्या. दुसरा जर्मनीत हायडेलबर्गला शिकवणारा फ्रान्झ कार्ल नेगेले. १८३० च्या सुमारास त्याने खास सुईणींसाठी पाठ्यपुस्तक लिहिलं आणि त्यात बूरहावचीच रीत सोपी करून दिली. शेवटच्या पाळीत सात दिवस मिळवा, तीन महिने मागे जा, तीच पुढच्या वर्षीची तारीख. आम्ही ट्रेनिंगला घोकलं ते हेच, ‘सात मिळवा, तीन वजा करा’. बूरहावचं नाव आम्हाला कुणी सांगितलं नाही.

पण गंमत पुढेच आहे. शेवटच्या पाळीत सात मिळवा, हे ठीक. पाळीच्या कोणत्या दिवसात? पहिल्या की शेवटच्या? बूरहावच्या शब्दांतून ते नक्की होत नाही, नेगेलेनेही स्पष्ट केलेलं नाही. निरनिराळ्या लेखकांनी निरनिराळा दिवस धरला. विसाव्या शतकात अमेरिकन पाठ्यपुस्तकांनी पहिला दिवस पक्का केला आणि जगाने तो उचलला. चार-पाच दिवसांचा फरक असा एका ओळीत मिटला. नंतर जेव्हा मोठ्या संख्येने बाळंतपणं तपासली गेली, तेव्हा पहिलटकरणी या तारखेच्या पुढेच जातात असं दिसायला लागलं. शेवटच्या दिवसापासून मोजलं असतं तर त्यांतल्या पुष्कळ जणी वेळेवर ठरल्या असत्या. ‘दिवस वर गेले’ म्हणून घाबरलेल्या किती पहिलटकरणी मी एसटीत घालून तालुक्याला नेल्या, त्यांचे दिवस कदाचित पाठ्यपुस्तकातल्या त्या एका ओळीने वर गेले होते. तशीही ठरल्या तारखेलाच बाळंत होणारी बाई शंभरात चार किंवा पाच. पंधरवडा अलीकडे, पंधरवडा पलीकडे, असंच धरायचं असतं. कार्डावर मात्र एकच तारीख लिहिलेली असते आणि घरचे ती एसटीच्या वेळापत्रकासारखी वाचतात.

तारीख काढायला आमच्याकडे पुठ्ठ्याची चक्ती असायची, एकावर एक दोन गोल तबकड्या. औषध कंपन्यांचे एमआर ती डॉक्टरांना फुकट देत आणि डॉक्टरांच्या टेबलावरून ती आमच्या पिशवीत येई. बाण पाळीवर ठेवायचा, चाळिसाव्या आठवड्यासमोर तारीख वाचायची. दोन चक्त्या दोन तारखा दाखवत, एखाद-दुसऱ्या दिवसाच्या फरकाने. त्याचं कारणही नेगेलेच्या रीतीतच आहे. सगळे महिने सारखे नसल्याने सात मिळवून तीन वजा केले की कधी २८० दिवस येतात, कधी २८१, कधी २८३.

आता कोर्टाकडे वळते, कारण तारखेवरून खरी रक्तबंबाळ भांडणं तिथे झाली. लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर १८२५ साली गार्डनर घराण्याच्या सरदारकीचा खटला चालला. नौदलातला कॅप्टन गार्डनर १८०२ च्या जानेवारीअखेर बायकोचा निरोप घेऊन जहाजावर गेला आणि जुलैत परतला. बायको ८ डिसेंबरला बाळंत झाली. जाण्याआधीचं मूल म्हणावं तर ३११ दिवस होतात, आल्यानंतरचं म्हणावं तर पाच महिने. तेवीस वर्षांनी त्या मुलाने सरदारकी मागितली. नामांकित प्रसूतितज्ज्ञ उमरावांसमोर उभे राहिले. बाईचे दिवस इतके लांबू शकतात असं काहींनी सांगितलं, काहींनी साफ नाकारलं. दावा फेटाळला गेला. त्याच इंग्लंडात १९४९ साली एका कोर्टाने ३४९ दिवस मान्य केले आणि दोनच वर्षांनी लॉर्ड्सनी ३६० दिवस अमान्य केले. फ्रेंचांनी १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेत खालची हद्द १८० दिवस आणि वरची ३०० दिवस अशी एकदाची ठरवून टाकली.

आपल्याकडे इंग्रजांनी १८७२ साली पुराव्याचा कायदा केला. त्याच्या ११२ व्या कलमात तो ओळखीचा आकडा आहे. लग्न तुटल्यापासून २८० दिवसांच्या आत मूल झालं आणि बाईने दुसरं लग्न केलेलं नसलं, तर ते त्या नवऱ्याचंच. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम आलाय, त्यात हे कलम ११६ वं झालं, २८० तसेच राहिले. आकडा डॉक्टरांचाच, पण मोजणी वेगळीकडून. डॉक्टरांचे २८० पाळीपासून, कायद्याचे २८० लग्न तुटल्यापासून. यात बाईच्या पदरात दोन आठवडे जादा पडतात.

हे दोन आठवडे काय आहेत, ते आमच्या भागात नीट कळलेलं असणं जरुरीचं. इथली घरटी एक तरी असामी फौजेत, नाहीतर मुंबईला माथाडीत. नवरा सुट्टीवर येतो, पंधरा दिवस राहतो, जातो. एकदा एक सासू सोनोग्राफीचा कागद घेऊन उपकेंद्रावर आली. सून मागे, पदर तोंडावर. सासू म्हणाली, ‘नर्सबाई, माझा ल्योक सुट्टीवर येऊन पाच आठवडं झालं. ह्या कागदावर सात आठवडं लिवल्यात. माझं काय चुकत आसंल तर तुमी सांगा.’ ती भांडायला आली नव्हती, आवाजही चढवला नव्हता. हिशेब घालायला आली होती. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

मी कागद पालथा घातला आणि पेनने एक आडवी रेघ मारली. ‘मावशी, पाळी कधी आली होती हिला?’ ‘पोरगा याच्या आधी बाहेर झाली ती, दोन आठवडं झालं आसतील.’ मी रेघेच्या टोकाला ‘पाळी’ लिहिलं, मधे ‘सुट्टी’. ‘डॉक्टर इथून मोजतात,’ म्हणत टोकावर बोट ठेवलं, ‘पाळीपासून. तेव्हा पोटात कुणीच नसतं. पहिले दोन आठवडे सगळे रिकामेच मोजतात.’ ‘रिकामं कशापायी मोजायचं?’ ‘कारण पाळी दिसते, मूल कधी राहिलं ते दिसत नाही.’ सासूने रेघेवर आपलं बोट फिरवलं, एकदा, दोनदा. मग सुनेला म्हणाली, ‘चल, वाजाय लागलं बारा.’ एवढ्यावर ते मिटलं. सगळीकडे मिटलं असेल असं नाही.

ते रिकामे दोन आठवडे कुठून येतात, हे विसावं शतक उजाडल्यावर कळलं. जपानमधल्या निइगाताचे डॉक्टर ओगिनो क्युसाकू यांनी १९२४ साली आपलं संशोधन मांडलं. बीज बाहेर पडतं ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी. काही वर्षांत ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस स्वतंत्रपणे त्याच जागी पोचले. यात महत्त्वाचा शब्द ‘पुढच्या’. जिची पाळी अठ्ठावीस दिवसांनी येते तिचं बीज चौदाव्या दिवशी, पण जिची पस्तीस दिवसांनी येते तिचं एकविसाव्या दिवशी. चक्ती मात्र दोघींना एकच तारीख देते. म्हणून ‘दर किती दिवसांनी येते’ हा प्रश्न मी कधी सोडला नाही. एरवी त्या बाईचे दिवस आठवडाभर आधीच ‘वर’ गेले असते.

आणि जिला पाळी आलीच नाही तिचं काय? अंगावर पाजताना राहिलेल्या बायका दर महिन्याला भेटायच्या. तिथे रेघेला टोकच नाही. मग हात आणि टेप. गर्भाशयाचा वरचा काठ बेंबीला लागला की २४ आठवडे, छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाला लागला की ३६, असं आम्हाला शिकवलेलं. पुढे मूल खाली सरकतं आणि पोट पुन्हा ३२ आठवड्यांच्या उंचीवर येतं. ३२ आणि ४० मधला फरक उंचीवरून कळत नाही, बाजू भरलेल्या आहेत का ते दोन्ही तळव्यांनी बघावं लागतं. सुईण हेच बोटांनी करायची आणि बाजू बघायला ती आधी शिकलेली होती, मी नंतर. टेपने जघनाच्या हाडापासून वरच्या काठापर्यंत मोजायची रीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली. मधल्या महिन्यांत जितके सेंटीमीटर, जवळपास तितके आठवडे. मूल पहिल्यांदा कधी हललं तेही विचारायचं. पहिलटकरणीला अठरा-वीस आठवड्यांनी कळतं, पुढच्या खेपेला दोन आठवडे आधी.

सोनोग्राफीने हे सगळं मागे टाकलं, असं लोक म्हणतात. यंत्राचा उगम मोठा गमतीचा. ग्लासगोचे डॉक्टर इयान डोनाल्ड यांनी १९५५ साली बॉयलरच्या कारखान्यात, धातूतली चीर शोधायच्या यंत्राखाली बायकांच्या पोटातून काढलेल्या गाठी ठेवून बघितल्या. १९५८ साली त्यांचा निबंध लॅन्सेटमध्ये आला. त्याच शहरात ह्यू रॉबिन्सन यांनी १९७३ साली दाखवलं की पहिल्या तिमाहीत बाळाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजली तर वय काही दिवसांच्या फरकाने सांगता येतं. त्या वयात सगळी बाळं जवळपास सारखीच वाढतात, फरक नंतर पडतात. सातव्या महिन्यात पहिल्यांदा सोनोग्राफी करून तारीख मागणाऱ्यांना मी हेच सांगायचे, की आता यंत्रही दोन-तीन आठवडे इकडेतिकडे होणार.

महाराष्ट्रात यंत्र पोचलं ते वेगळ्याच कारणाने बदनाम होऊन. गर्भलिंग तपासणीवर देशात पहिला कायदा आपल्या राज्याने १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ साली आला. आज तालुक्याच्या कुठल्याही सोनोग्राफी केंद्रात भिंतीवर पाटी असते आणि टेबलावर ‘एफ’ फॉर्म असतो. त्या फॉर्ममध्ये पाळीची तारीख किंवा आठवडे लिहावे लागतात. यंत्राखाली जाण्याआधी बाईला पुन्हा तोच प्रश्न.

६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली. अशा गर्भाची सुरुवात तासासकट माहीत असते. तरी असल्या गर्भारपणाचे आठवडे सांगताना डॉक्टर त्या दिवसामागे दोन आठवडे जोडतात, म्हणजे न आलेल्या पाळीपासून मोजतात. सगळ्या बायकांची कार्डं एकाच मापात बसावीत म्हणून.

यंत्राची तारीख येते कुठून, हे मी वाचलं तेव्हा खुर्चीत नीट सरसावून बसले. बाळाची लांबी इतकी म्हणजे वय इतकं, हा तक्ता आधी कुणीतरी तयार करावा लागतो आणि त्यासाठी ज्यांचं वय आधीच पक्कं माहीत आहे अशी बाळं लागतात. रॉबिन्सन यांनी पाळीची तारीख खात्रीने सांगणाऱ्या, नियमित पाळीच्या बायका निवडल्या. आठ देशांत मिळून झालेल्या आणि २०१४ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या इंटरग्रोथ-२१ या अभ्यासाचंही तसंच. त्यातलं भारतातलं ठिकाण आपलं नागपूर. बाळांच्या वाढीचा तक्ता करायला आठ ठिकाणच्या ४,६०७ बायका घेतल्या. अट काय? पाळीची तारीख नक्की आठवत असली पाहिजे, पाळी २४ ते ३२ दिवसांनी नियमित येत असली पाहिजे, आधीचे दोन महिने गर्भनिरोधक गोळ्या नकोत, अंगावर पाजणं नको. शिवाय बाईची तारीख आणि यंत्राची तारीख सात दिवसांच्या आत जुळली पाहिजे. ही यादी वाचताना माझ्या नोंदवहीतले प्रश्नच कुणीतरी इंग्रजीत उतरवल्यासारखं वाटलं.

आता कार्डांवर बहुधा दोन तारखा असतात, पाळीची आणि सोनोग्राफीची. नववा आठवडा पुरा झाल्यापासून तिमाही संपेपर्यंत दोन्हींत सात दिवसांहून जास्त फरक नसला तर पाळीचीच तारीख ठेवतात, त्याच्याही आधीची सोनोग्राफी असेल तर पाच दिवसांहून जास्त नसला तर. हा डॉक्टरी नियम आहे, माझं मत नव्हे. आमच्या जागी आलेल्या मुली कधीमधी घरी येतात, आशाताईही येतात. मोबाइलमध्ये पाळीची नोंद ठेवणाऱ्या सुना आता खेड्यातही आहेत, त्यांचं काम सोपं झालंय. बाकीच्यांसाठी मी या मुलींना सांगते: आधी सण विचारा, मग घरात होती का बाहेर ते विचारा, गोळी घेतली होती का विचारा, लहान मूल पाजत होती का विचारा, आणि तारीख सगळ्यात शेवटी. अधिक महिना असेल त्या वर्षी कालनिर्णय जवळ ठेवा.